अंगठा कशावर उठवला?

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, 1875 साली दंगे झाले. सुरुवात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी 12 मे रोजी झाली. मग आपल्याकडे पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या तालुक्यांतही लोक उठले. शेतकरी सावकाराच्या दारी जात आणि कर्जाची खते मागत. हाती आली ती जाळून टाकत. सावकाराने खते मुकाट्याने दिली, तर बहुधा त्याच्या अंगाला हात लागत नसे.

कागदावरच एवढा राग का? ते पाहू. 1859 च्या कायद्याने साध्या खताची मुदत तीन वर्षे ठरली. जुनी देणी उकरून काढू नयेत, हा हेतू. पण झाले उलटेच! सावकार दर तीन वर्षांनी नवे खत करून घेई आणि थकलेले व्याज त्यात मुद्दल म्हणून धरी. समजा, कुणी शंभर रुपये काढले. व्याज दरमहा शेकडा दोन. तीन वर्षांत व्याज झाले 72. नवे खत 172 चे. पुढचे 296 चे. नऊ वर्षांनी देणे 509 रुपये! हातात आले होते शंभरच. ज्याला वाचता येईना, तो बिचारा अंगठा उठवी नि घरी जाई.

पुढे 1879 साली पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठी कायदा झाला. कोर्ट आता पहिल्या रुपयापासून हिशेब तपासू लागले. भरल्या पैशाची पावती मागण्याचा हक्क कुळाला मिळाला. आम्हाला यातली पावतीच मोठी वाटते.

आता क्रेडिट कार्ड आले आहे. त्याच्या बिलावर ‘किमान रक्कम’ छापलेली असते. तेवढीच भरली, तर बाकीवर व्याज चढत राहते. काही कार्डांवर ते महिन्याला शेकडा साडेतीन पडते. शेकडा दोनने काय होते, ते वर पाहिलेच. आपण न मागता कार्ड देण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

सावकारासाठी महाराष्ट्रात 2014 चा कायदा आहे. त्याला परवाना लागतो. मुद्दलाहून जास्त व्याज त्याला वसूल करता येत नाही. कोऱ्या कागदावर सही-अंगठा घेणे हा गुन्हा आहे. तसे कुणी केले, तर सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांच्या कचेरीत लेखी अर्ज द्यावा. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात. एकीवर पोचेचा शिक्का मारून घ्यावा आणि ती घरी जपून ठेवावी.