उद्योजक पैसे का देतो?

लाच घेणारा दोषी आणि देणारा लाचार, अशी आपली ढोबळ समजूत असते. उद्योगधंद्यांचे व्यवहार बारकाईने पाहिले तर चित्र याहून गुंतागुंतीचे आहे. बीड जिल्ह्यात पवनचक्क्यांच्या निमित्ताने त्याची एक भीषण बाजू समोर आली. केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली. एका पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटी रुपयांच्या खंडणीच्या आड ते आले, असे २०२५ मध्ये न्यायालयात दाखल झालेले आरोपपत्र सांगते.

अशी मागणी करण्याचे धाडस कशामुळे होते? पवनचक्की उभारणाऱ्याचे भांडवल जमिनीत रुतलेले असते. जागा भाडेपट्ट्याने घेतलेली, पाया भरलेला, क्रेन भाड्याने आणून उभी केलेली आणि कर्जाचे व्याज चालू! कापसाच्या व्यापाऱ्याप्रमाणे त्याला दुसरा बाजार गाठता येत नाही. काम बंद पडल्याचे नुकसान मागितलेल्या रकमेहून अधिक दिसू लागले, की पैसे देणे हाच त्याला हिशेबी मार्ग वाटतो. मागणाऱ्यालाही हा हिशेब पाठ असतो.

परंतु सारेच देणारे असे अडलेले नसतात. कंत्राट आपल्यालाच मिळावे, निकृष्ट काम मोजमाप पुस्तिकेत चांगले ठरावे, म्हणून देणारा हा सरळ भागीदारच होय. आणखी एक वर्ग फाईल हलावी म्हणून, किंवा शेजारचा देतो म्हणून देणाऱ्यांचा. असा पैसा विलंब कमी न करता तो वाढवितो, हे संथानम समितीने १९६४ मध्येच दाखवून दिले होते. कारण न देणाऱ्याची फाईल मुद्दाम रोखली जाऊ लागते.

१९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमात २०१८ साली दुरुस्ती होऊन लोकसेवकाला लाच देणे हाही स्वतंत्र गुन्हा ठरला. व्यापारी संस्थाही त्याच्या कक्षेत आल्या. मात्र लाच देणे भाग पाडले गेले असेल आणि देणाऱ्याने सात दिवसांच्या आत पोलीस किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला कळविले, तर त्याला संरक्षण मिळते. ही तरतूद उद्योजकांना समजावून सांगण्यासारखी आहे. गुंडाने मागितलेली खंडणी हा मात्र वेगळा गुन्हा असून त्याची फिर्याद पोलीस ठाण्यातच द्यावयाची असते.

कार्यालयाने तारखेची पोच दिली, तर अडवणुकीला वाव कमी राहतो. अधिसूचित सेवांसाठी २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमात मुदतीचे बंधन असून, सबळ कारणाविना कसूर केल्यास ५०० ते ५,००० रुपये शास्ती होऊ शकते. पंचायतीपुरते बोलावयाचे तर, कंपनीचा रस्त्यासाठी वा जागेसाठी आलेला अर्ज ग्रामसभेत वाचून दाखवावा. कंपनी गावासाठी काही देत असेल, तर ती रक्कम कोणा पुढाऱ्याच्या हाती न देता पंचायतीच्या खात्यात, पावतीनेच जमा व्हावी.