शनिवार कुणाचा?

मी ना यहुदी, ना ख्रिस्ती. लहानपण अलिबागच्या इस्रायल आळीशेजारी गेलं, नोकरी भोपाळच्या एका केंद्र सरकारी कचेरीत झाली, आणि शेजारच्या टेबलावर पुण्याहून बदलून आलेले एक सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट, म्हणजे शनिवार पाळणारे ख्रिस्ती, सहकारी लाभले. एवढ्या भांडवलावर मी एका जुन्या वादात नाक खुपसत आलो. देवाने शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, साऱ्या माणसांसाठी नेमला, की एकट्या इस्राएलासाठी?

१. दोन्ही बाजूंचे वकील एकाच बायबलातून बोलतात. सहकारी उत्पत्तीचा दुसरा अध्याय काढायचे. सातव्या दिवशी देव विसावला तेव्हा अब्राहामाचा पत्ता नव्हता, मग इस्राएल कुठून आला? मी निर्गमाचा ३१वा अध्याय पुढे करायचो. तिथे शब्बाथ ही देव आणि इस्राएल यांच्यातली खूण आहे. मग ते मार्काकडे वळायचे, येशूने शब्बाथ माणसासाठी सांगितला म्हणायचे. मी विचारायचो, ‘माणूस म्हणजे कुठला?’ तोवर चहा गार झालेला असायचा.

२. यहुद्यांना आपला शनिवार जगाला द्यायचाच नव्हता, हे कळलं तेव्हा मी चकित झालो. धर्म म्हटला की प्रचार, असं मी धरून चाललो होतो. तालमूदचं म्हणणं निराळं. नोहाच्या लेकरांना, म्हणजे तुम्हाआम्हाला, सात आज्ञा पुरेत आणि त्यांत शब्बाथ नाही. परक्याने तो पाळणं उलट वर्ज्य. यहुदी व्हायला निघालेला माणूससुद्धा दीक्षा होईतो शनिवारी मुद्दाम एखादं बारीकसं काम करतो, दिव्याचं बटण दाबतो. आधी हे मला कंजूषपणाचं वाटलं. पण दुसऱ्याच्या बायकोचं मंगळसूत्र कितीही आवडलं तरी आपण ते मागत नाही, हेही खरंच.

३. आमच्या कोकणाने हा प्रश्न कधीच निकालात काढला होता, वाद न घालता. नौगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली, अशी इथल्या यहुद्यांची, म्हणजे बेने इस्राएलांची, परंपरा. पोथ्या गेल्या, हिब्रू विसरली. उरलं ते शमाचं प्रार्थनावाक्य, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि शनिवार. माणसं किहीमची किहीमकर झाली, रोह्याची रोहेकर, पेणची पेणकर, धंदा धरला तेलाचा. शनिवारी मात्र घाणा बंद. लोकांनी त्यांना नाव दिलं, शनवार तेली. सोमवारी घाणा बंद ठेवणारे सोमवार तेलीही होते. एकाचा वार दुसऱ्याला लागू आहे का, असा खल कुणी केल्याचं मी कुठे वाचलं नाही. ज्याला तेल हवं त्याने आदल्या दिवशी नेलं असेल. पुढे या समाजातल्या सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं, आळीतलं मागेन आबोथ उभं राहिलं, पोथ्या परत आल्या. शनिवार परत आणावा लागला नाही. तो गेलाच नव्हता.

४. घाण्याचा बैल इस्राएल नव्हता. ही गोष्ट माझ्या डोक्यात फार उशिरा शिरली. निर्गमातली आज्ञा मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरं आणि वेशीच्या आत राहणारा परका, सगळ्यांना त्या दिवशी थांबवते. करार घरधन्याशी आणि विसावा बैलाला! म्हणजे ‘कुणासाठी’ या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत: पाळायचं कुणी, आणि थांबायला मिळायचं कुणाला. त्यात दहा आज्ञा दोनदा सांगताना कारणंही दोन दिली आहेत. निर्गमात देवाने सृष्टी केली म्हणून. अनुवाद या पुस्तकात, तुम्हीही मिसरात गुलाम होता म्हणून. सहकाऱ्यांचा जीव पहिल्या कारणात, माझा दुसऱ्यात.

५. भोपाळमध्ये राहून शुक्रवारही समजला. ताजुल मसाजिदीतली गर्दी पाहून मी त्याला मुसलमानांचा शब्बाथ समजत होतो. पण कुराणात फक्त नमाजापुरता व्यापार थांबवायचा, मग पुन्हा कामाला लागायचं. शब्बाथ तर ज्यांच्यात त्याबद्दल मतभेद झाले त्यांच्यावरच नेमला होता, असंही तिथे आहे. म्हणजे इथे कुराणाची साक्ष माझ्या बाजूने. सहकाऱ्यांना ही साक्ष मंजूर नव्हती.

६. आपल्याकडे सगळ्यांचा म्हणून जो वार झाला, तो कुठल्या कराराने नाही, अर्ज-सभांनी झाला. फुल्यांचे अनुयायी नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांसाठी झगडत राहिले, आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार खंडोबाचा, असाही त्यांचा एक युक्तिवाद सांगितला जातो. ख्रिस्ती साहेबाच्या राज्यात ख्रिस्ती वार खंडोबाच्या नावाने मागायचा, याला डोकं लागतं.

७. सहकाऱ्यांना शनिवार मिळाला तो दिल्लीकडून. १९८५ साली केंद्राच्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा झाला आणि त्यांचं दर आठवड्याचं रजेचं रडगाणं संपलं. मलाही शनिवार मिळाला, काही न पाळता. मी तसं ऐटीत म्हटल्यावर ते म्हणाले, ‘अहो, तुमच्या वेशीच्या आतल्या परक्याचं काय? भांड्यांना बाई येतात, त्यांचा वार कुठला?’ घरी येऊन मी बाईंना विचारलं. त्यांनी शनिवार मागितला नाही, रविवारही नाही. बुधवार मागितला. त्या दिवशी त्यांच्या वस्तीत पाण्याचा टँकर येतो.