वस्तीचं पुनर्वापर केंद्र : कसं उभारावं, कसं टिकवावं

दिवाळीच्या साफसफाईच्या दिवसांत कोणत्याही सोसायटीच्या फाटकाजवळ थोडा वेळ थांबून पाहा. बंद पडलेला मिक्सर, पाय निखळलेली खुर्ची, मुलीला लहान झालेली सायकल, गेल्या इयत्तेची पुस्तकं, साड्यांचं गाठोडं असं काय काय बाहेर येतं. यातलं बरंचसं दुसऱ्या एखाद्या घरात आणखी कित्येक वर्षं नांदलं असतं. पण ते घंटागाडीत पडतं, ओल्या कचऱ्यात मिसळतं आणि कुणाच्याच कामाचं उरत नाही.

आपल्याकडे जुन्या वस्तूला वाट होती. बोहारीण कपड्यांवर भांडी द्यायची, रद्दीवाला तराजू घेऊन दारात यायचा, कल्हईवाला पातेली उजळून द्यायचा, पिंजारी गादीचा कापूस पिंजायचा. या प्रत्येकाच्या फेरीवर एकेका घराची चूल पेटत होती. वस्तीतलं पुनर्वापर केंद्र म्हणजे या फेऱ्यांना मिळालेलं छप्पर. ते उभारायला मोठी यंत्रं लागत नाहीत. क्रमाने केलेली काही कामं मात्र लागतात.

१. सुरुवात माणसांपासून करा

तुमच्या भागात हे काम आज कोण करतं, ते आधी पाहा. पहाटे पोतं घेऊन फिरणाऱ्या कचरावेचक महिला, हातगाडीवाला भंगारवाला, कोपऱ्यावरचा रद्दीवाला, घरी बसून गोधड्या शिवणाऱ्या आजी, मिक्सर-पंखे दुरुस्त करणारा कारागीर. या सगळ्यांना पहिल्याच बैठकीला बोलवा. केंद्र त्यांना वगळून उभं राहिलं, तर ते त्यांच्याच पोटावर पाय देईल आणि कामाची जाण असलेले हातही गमावून बसेल.

पुण्याचा अनुभव इथे मोलाचा आहे. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने आणि एसएनडीटी महिला विद्यापीठातल्या कार्यकर्त्यांच्या साथीने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. आधी ओळखपत्रं, मग आरोग्यविमा, अशी एकेक मागणी तिने पदरात पाडून घेतली. २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था पुणे महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा करू लागली. आज तिच्यात तीन हजारांहून अधिक कचरावेचक काम करतात. कुंडीत वाकून कचरा उपसणारी बाई ठरलेल्या वेळी दारात येणारी सेवक झाली. घरातून महिन्याचं शुल्क मिळतं आणि सुका माल विकून आलेले पैसेही तिचेच राहतात.

२. पंधरा दिवस फक्त वजन करा

केंद्र सुरू करण्याआधी शंभर-दोनशे घरं निवडा. पंधरा दिवस त्यांचा सुका कचरा वेगळा गोळा करा, तोलून वहीत लिहा : कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, काच, पत्रा, कपडे, विजेच्या वस्तू. जवळच्या तीन भंगार दुकानांतले भावही विचारून त्याच वहीत टिपा. भाव सतत बदलतात, म्हणून ही चौकशी दर महिन्याला करा. किती माल येईल, किती हात लागतील आणि किती मिळकत होईल, याचं उत्तर त्या वहीत सापडेल. अंदाजावर भाड्याची जागा घेऊ नका.

३. छप्पर आणि वजनकाटा मिळवा

कचरावेचक महिलेची खरी अडचण साठवणुकीची असते. जागा नसल्यामुळे दिवसभराचा माल तिला संध्याकाळच्या आत, जवळच्या दुकानात, तो देईल त्या भावाला विकावा लागतो. एक लिटरची रिकामी पाण्याची बाटली साधारण २० ते २५ ग्रॅम भरते. म्हणजे किलोभर वजनासाठी चाळीस-पन्नास बाटल्या लागतात आणि त्यांनी अख्खं पोतं भरतं. माल कोरडा ठेवायला जागा असेल, तर टेम्पोभर साठवून मोठ्या व्यापाऱ्याला विकता येतो आणि भाव चांगला मिळतो. केंद्राचा सगळा अर्थव्यवहार या एका फरकावर उभा आहे.

त्यामुळे जागा छोटी चालेल, पण छप्पर पक्कं हवं, जमीन फरशीची किंवा कोब्याची हवी, पाणी आणि स्वच्छतागृह हवं. भिजलेल्या पुठ्ठ्याचा भाव लगेच पडतो. पालिकेच्या वॉर्ड कार्यालयात लेखी अर्ज करा. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरावेचकांच्या संघटनांना सामावून घेण्याची आणि सुका कचरा वेगळा करण्याची केंद्रं उभारण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली होती. सध्या लागू असलेले नियम पाहून अर्जात त्यांचा उल्लेख करा. वजनकाटा प्रमाणित असावा आणि त्याचा आकडा माल देणाऱ्यालाही दिसेल असा ठेवावा.

४. जागेचे तीन भाग पाडा

पहिला भाग वर्गीकरणाचा. इथे उंच टेबलं ठेवा. दिवसभर जमिनीवर वाकून काम केल्याने कंबर आणि गुडघे जातात.

दुसरा भाग दुरुस्तीचा. महिन्यातला एक रविवार ‘दुरुस्तीचा दिवस’ म्हणून ठरवा. विजेची कामं जाणणारा, शिवणयंत्र चालवणारी, सुतारकाम येणारा असे तिघं आले तरी पुरे. नेदरलँड्समध्ये मार्टिन पोस्टमा यांनी २००९ साली ॲमस्टरडॅममध्ये ‘रिपेअर कॅफे’ सुरू केला. तिथे लोक मोडकी वस्तू घेऊन येतात आणि जाणकाराच्या शेजारी बसून ती दुरुस्त करायला शिकतात. आपल्याकडे ही पद्धत रोजगाराला जोडता येते. कारागिराला ठरलेला मोबदला द्या आणि वस्तीतल्या एक-दोन मुलामुलींना त्याच्या हाताखाली बसवा. सहा महिन्यांत मिक्सर, इस्त्री, पंखा खोलून जोडणारे नवे हात तयार होतील.

तिसरा भाग मांडणीचा आणि विक्रीचा. कपडे धुऊन, इस्त्री करून टांगा. पुस्तकं इयत्तेप्रमाणे लावा. प्रत्येक वस्तूवर किंमत लिहा, मग ती दहा रुपये का असेना. फुकट दिलेल्या वस्तूच्या ढिगात हात घालताना माणसाला संकोच वाटतो. विकत घेताना तो ताठ मानेने निवड करतो. जून महिन्यात वह्या-पुस्तकं आणि दप्तरांचा, दिवाळीनंतर कपड्यांचा बाजार भरवा. सुती साड्यांच्या गोधड्या आणि पिशव्या, जीन्सची दप्तरं हे काम बचत गटाकडे सोपवा.

५. काय घ्यायचं, काय नाही, ते भिंतीवर लिहा

हा फलक ठळक अक्षरांत, चित्रांसह लावा. घरोघरी त्याचीच एक प्रत द्या.

• दुधाची पिशवी : कोपरा पूर्ण कापून तुकडा पाडू नका, तो हरवतो. पिशवी धुऊन, वाळवून द्या.
• कागद : वर्तमानपत्र, वह्या, पुठ्ठा वेगवेगळे बांधा. दुकानातल्या बिलाचा गुळगुळीत कागद आणि तेलकट कागद यांत मिसळू नका.
• बाटल्या : रिकाम्या करून चेपा. अखंड काचेची बाटली वेगळी ठेवा, ती पुन्हा भरली जाऊ शकते. फुटली की तिची किंमत जवळपास संपते.
• फुटकी काच : जाड कागदात गुंडाळून, वर लिहून द्या.
• वेफर्सची चकचकीत पाकिटं : यांत थरावर थर असतात, त्यामुळे गिऱ्हाईक मिळणं कठीण. आधी खरेदीदार शोधा, मगच स्वीकारा.
• विजेच्या वस्तू : दुरुस्त होत नसतील तर फोडू नका, त्यांच्या तारा जाळू नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांकडेच त्या द्या.
• फुगलेली बॅटरी : मोबाइलची अशी बॅटरी पेट घेऊ शकते. ती कागद-पुठ्ठ्यापासून दूर, कोरड्या वाळूत ठेवा.
• सॅनिटरी पॅड, डायपर, सुया, औषधं : केंद्रात घेऊ नका. पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून, त्यावर लाल ठिपका काढून पालिकेच्या व्यवस्थेत द्यावेत.

६. संस्था आणि हिशेब

सुरुवातीला बचत गटाच्या नावाने काम चालतं. उलाढाल वाढली की सहकारी संस्था नोंदवा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार त्यासाठी वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान १० सभासद लागतात. कार्यकारिणीत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचं बहुमत ठेवा.

उत्पन्नाचे तीन झरे वेगळे मांडा : घरांकडून येणारं सेवाशुल्क, भंगाराची विक्री, दुरुस्त वस्तूंची विक्री. भंगाराचा भाव पडतो त्या महिन्यात सेवाशुल्कच घर चालवतं, म्हणून ते कधीही माफ करू नका. विक्रीतला एक हिस्सा पावसाळ्यासाठी बाजूला काढा. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आवक, विक्री, मजुरी आणि शिल्लक फळ्यावर लिहा. ज्या केंद्राचा हिशेब भिंतीवर असतो, तिथे कुजबुज होत नाही.

७. हात आणि आरोग्य जपा

हातमोजे, बंद बूट, मुखपट्टी आणि साबण हा खर्च मजुरीच्या आधी धरा. धनुर्वाताची लस, वर्षातून एकदा आरोग्य तपासणी, पिण्याचं पाणी आणि बसून जेवायला जागा हवीच. लहान मुलांना वर्गीकरणाला लावू नका. प्रत्येकीचं ओळखपत्र, बँक खातं आणि ई-श्रम नोंदणी करून घ्या. नव्या महिलेला पहिल्या दिवशीच तिचा मोबदला कसा मोजला जाईल, ते समजावून सांगा.

८. कोपरा बदला

बहुतेक वस्त्यांत एक उकिरड्याचा कोपरा असतो. लोक येता-जाता तिथे पिशवी भिरकावतात. केंद्र सुरू झालं की पहिल्या महिन्यात तो कोपरा साफ करा. तिथे दुरुस्त केलेला बाक, जुन्या डब्यांतली तुळस-झेंडूची रोपं आणि पुस्तकांचं एक कपाट ठेवा. देखभाल कोण करणार, त्याचं नाव ठरवा. पूर्वी नाक दाबून जावं लागे त्या जागी म्हातारी माणसं बसू लागली, की केंद्राविषयीच्या तक्रारी कमी होतात आणि सुका कचरा आपणहून वेगळा होऊन येऊ लागतो.

पहिल्या वर्षी हे टाळा

उद्घाटनासाठी महागडं दाबयंत्र घेऊ नका; माल आणि वीजजोड पक्का झाल्यावर ते घ्या. मिसळलेला कचरा ‘एवढ्या वेळी’ म्हणून स्वीकारू नका. एकदा घेतला की रोज येतो. वर्गीकरण न केल्याबद्दल घरांना दम देऊ नका. सेवक महिलेने दारात दोन मिनिटं उभं राहून दाखवलं, की लोक शिकतात.

हे सगळं जमायला सात-आठ माणसं, एक छप्पर, एक काटा आणि एक वही पुरते. येत्या रविवारी तुमच्या गल्लीतल्या कचरावेचक ताईंना चहाला बोलवा आणि त्यांना विचारा, ‘तुम्हाला जागा मिळाली तर काय कराल?’ त्या जे सांगतील, तोच तुमच्या केंद्राचा पहिला आराखडा माना.