कृष्णाकाठच्या मातीची पणती

दिवाळीला १५ दिवस असताना कामाला लागा. पोयटा, बारीक वाळू, बादली, जुनी मच्छरदाणी, सुती कापड, गोवऱ्या, उसाचं पाचट आणि फुटक्या कुंड्यांच्या खापऱ्या जमवून ठेवा.

१. माहुलीपासून हरिपूरपर्यंत कुठेही, पूर ओसरल्यावर काठावर साचलेला पोयटा आणा. पाण्यात मात्र उतरू नका. औदुंबर-सांगली पट्ट्यात मगरी आहेत! शेतातली नुसती काळी मातीही नको, ती वाळताना तडकते.

२. माती उन्हात खडखडीत वाळवा. दमट ढेकळं नीट विरघळत नाहीत.

३. ढेकळं फोडून रात्रभर भिजत घाला. पाणी मातीच्या चार बोटं वर हवं.

४. ढवळून मच्छरदाणीतून दोनदा गाळा. इथे कंटाळा अजिबात चालणार नाही. आपल्याकडच्या मातीत चुनखडीचे बारीक खडे सापडतात. भाजताना ते गप्प बसतात, मग काही दिवसांनी हवेतली ओल पिऊन फुगतात आणि पणतीचा टवका उडतो.

५. गाळ बसला की वरचं पाणी ओतून द्या.

६. गाळ कापडात बांधून टांगा. हाताला चिकटेनासा झाला की उतरवा.

७. चार वाट्या मातीत एक वाटी चाळलेली वाळू घाला. कुंभार घोड्याची लीद घालतात. मिळाली तर उत्तमच.

८. कणकेसारखी मळा. गोळा कापून बघा, आत पोकळी दिसली तर पुन्हा मळा.

९. लिंबाएवढ्या गोळ्यात अंगठा दाबून वाटी करा. तळ फार पातळ झाला तर चिरतो.

१०. कडेला चिमटीने वातीची चोच काढा.

११. चार-पाच दिवस सावलीत वाळवा. घाईने उन्हात ठेवलीत तर कडा आधी आकसतात आणि तडा जातो.

१२. मग एक दिवस कडक ऊन द्या. संध्याकाळी सावलीत ठेवून गालाला लावा. गार लागली तर ओल आहे. ओली पणती आव्यात फुटते आणि शेजारणीलाही घेऊन जाते.

१३. मोकळ्या जागी गोवऱ्यांचा थर लावा. उसाचा फड, गंजी जवळ नको.

१४. त्यावर पणत्या पालथ्या मांडा.

१५. गोवऱ्या, पाचट आणि वर खापऱ्या रचून आवा झाका. खाली हवेला फटी ठेवा.

१६. एका बाजूने पेटवा. फुंकू नका, आच हळूच चढू द्या.

१७. रात्रभर निवू द्या. गरम पणतीला गार वारा लागला की ती तडकलीच!

१८. टिचकी मारा. खणकन वाजली तर भाजली. बद्द वाजली तर पुढच्या आव्यात पुन्हा घाला.

१९. तेल घालण्याआधी तासभर पाण्यात बुडवून पुसून घ्या, नाहीतर वातीआधी पणतीच तेल पिऊन टाकेल.