चाळणी, क्रम आणि राहून गेलेली नावे
(द्वितीय वर्ष, कला शाखा)

माहिती असणे ही एक गोष्ट आणि ती हवी तेव्हा, हवी तशी हाती लागणे ही दुसरी गोष्ट. या दोहोंच्या मध्ये दोन क्रिया असतात : एक निवडण्याची व दुसरी क्रम लावण्याची. आमच्या घरी कांदा निघाला की आधी सडका, फुटका कांदा बाजूला काढतात आणि मग उरलेल्याची मोठा, मध्यम व गोलटी अशी प्रतवारी करतात. संगणकावरील माहितीसाठ्याला प्रश्न विचारतानाही ह्याच दोन क्रिया कराव्या लागतात. त्या वरवर निरुपद्रवी दिसतात; परंतु कोणाचे नाव दिसावे आणि कोणाचे दिसू नये, याचा निकाल पुष्कळदा तेथेच लागत असतो. प्रस्तुत लेखात ‘विकिडेटा’ या सार्वजनिक माहितीसाठ्याच्या आधाराने याच गोष्टीचा विचार करावयाचा आहे. मी वाङ्मयाची विद्यार्थिनी असल्यामुळे उदाहरणे साहजिकच मराठी वाङ्मयातील घेतली आहेत.

विकिडेटा २९ ऑक्टोबर २०१२ रोजी सुरू झाला. ज्ञानकोश असलेल्या विकिपीडियाचे हे भावंड. येथे लेख नसून नोंदी असतात, आणि त्या जगभरचे स्वयंसेवक करतात. आज अशा नोंदींची संख्या दहा कोटींच्या वर आहे. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक असतो. मराठी भाषेचा क्रमांक ‘क्यू १५७१’ आहे. प्रत्येक विधान तीन पदांचे असते : कोण, कोणता गुण, त्याचे मूल्य. ‘ताराबाई शिंदे – व्यवसाय – लेखिका’ हे असे एक विधान झाले. २०१५ सालापासून या साठ्याला ‘स्पार्कल’ नावाच्या प्रश्नभाषेत कोणीही प्रश्न विचारू शकतो.

समजा, आपल्याला मराठीत लिहिणाऱ्या, १९०० पूर्वी जन्मलेल्या स्त्रियांची यादी हवी आहे. प्रश्नात प्रथम अटी घालावयाच्या : व्यक्ती असावी, स्त्री असावी, लेखनाची भाषा मराठी असावी, जन्मतारीख असावी. त्यानंतर ‘फिल्टर’ म्हणजे चाळणी : ती तारीख १९०० पूर्वीची असावी. मग ‘ऑर्डर बाय’ म्हणजे क्रम : जन्मतारखेनुसार चढता. शेवटी ‘लिमिट’ म्हणजे मर्यादा : पहिली वीस नावे. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. यंत्र आधी चाळते, मग लावते आणि सर्वांत शेवटी तोडते. क्रम न सांगता केवळ मर्यादा घातली, तर जी वीस नावे येतील ती ‘पहिली’ वीस नव्हेत, कोणतीही वीस होत. क्रम लावण्यासाठी सगळी नावे आधी गोळा करावी लागतात, आणि तेथे एका प्रश्नाला साठ सेकंदांचीच मुदत असते. म्हणून अटी जितक्या नेमक्या, तितके उत्तर वेळेत मिळण्याची शक्यता अधिक.

येथवर सारे सरळ आहे. अडचण पुढेच आहे. आपण ‘जन्मतारीख असावी’ अशी अट घातली, त्याच क्षणी जिची तारीख नोंदलेली नाही ती प्रत्येक स्त्री यादीतून गळाली. जनाबाईची जन्मतारीख आपल्याला ठाऊक नाही, सोयराबाईचीही नाही. त्यांनी लिहिले नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु यंत्र मात्र काही न बोलता त्यांना वगळून मोकळे होते. उत्तराखाली ‘इतकी नावे गळाली’ अशी टीपही येत नाही.

यावर उपाय आहे. ‘ऑप्शनल’ या शब्दाने तारखेची अट ऐच्छिक करता येते : असली तर दाखव, नसली तरी नाव ठेव. परंतु एवढ्याने भागत नाही. चाळणी पुढे उभीच असते. रिकाम्या जागेची १९०० शी तुलना करता येत नाही. ती तुलना चूक ठरते आणि ते नाव पुन्हा बाहेर पडते. म्हणून चाळणीतच स्पष्ट सांगावे लागते : ‘तारीख नोंदलेली नसेल, किंवा ती १९०० पूर्वीची असेल.’ अर्थात आता तारीख नसलेल्या आधुनिक लेखिकाही यादीत येतील आणि त्या आपल्यालाच तपासून वेगळ्या कराव्या लागतील. पण जास्तीचे नाव डोळ्यांना दिसते, गळालेले दिसत नाही. म्हणून मला पहिला त्रास पत्करण्याजोगा वाटतो. क्रमाचाही येथे एक नियम आहे. चढत्या क्रमात रिकामी जागा सर्वांत आधी येते, उतरत्या क्रमात सर्वांत शेवटी. म्हणजे उतरता क्रम लावून वीसची मर्यादा घातली, की ज्यांची तारीख नाही त्या बहुधा मर्यादेपलीकडेच राहणार.

तारीख आहे म्हणजे ती खरी आहे, असेही नव्हे. माझ्या वडिलांच्या चौथीच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख आहे. गावातील त्यांच्या वयाच्या पुष्कळांची तीच आहे; शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिली ती. माझ्या आजीची तर कोठेच नोंद नाही. विकिडेटात तारखेबरोबर तिची अचूकताही एका अंकाने नोंदवितात : शतकासाठी ७, वर्षासाठी ९, दिवसासाठी ११. म्हणजे ‘चौदावे शतक’ एवढेच माहीत असले तरी ते प्रामाणिकपणे लिहिता येते. पण साधा क्रम लावताना यंत्र फक्त तारीख पाहते, अचूकता पाहत नाही. शिवाय दोन तारखा सारख्या असल्या तर त्यांतील आधी कोण, हे ठरलेले नसते. यादी पानापानांनी मागविली तर एक नाव दोनदा यावे आणि दुसरे मुळीच येऊ नये, असेही घडू शकते. म्हणून तारखेनंतर क्रमांक असा दुसरा निकष द्यावा.

निकष कोणता घेतला यावरही चित्र बदलते. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० चा, मर्ढेकरांचा १९०९ चा. जन्मानुसार लावले तर बहिणाबाई कितीतरी आधी येतात. परंतु मर्ढेकरांचा ‘काही कविता’ हा संग्रह १९४७ चा, आणि बहिणाबाईंची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. प्रकाशनानुसार लावले की त्या मागे जातात. ‘हयातीत पुस्तक प्रकाशित’ अशी चाळणी लावली तर त्या यादीतच राहत नाहीत. मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतील विद्यार्थिनीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापून आला; ‘ग्रंथ’ ही अट घातली तर तिलाही स्थान नाही. या याद्यांतील कोणतीही खोटी नाही, पण एकही पुरी नाही.

अक्षरांच्या क्रमाचाही असाच प्रकार. शाळेतील तक्त्यात ‘ळ’ हा ‘ह’ नंतर येतो आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ अगदी शेवटी. संगणकाच्या युनिकोड या संकेतात मात्र ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये आहे; ‘क्ष’ला स्वतंत्र संकेत नाही, तो ‘क’, हलन्त आणि ‘ष’ मिळून होतो. केवळ संकेतक्रमाने लावल्यास ‘क्षमा’ हा शब्द ‘कौल’ व ‘खडक’ यांच्या मध्ये सापडेल. ज्या व्यक्तीचे नाव मराठीत नोंदलेले नाही, तिचे नाव रोमन लिपीत येऊन सर्व देवनागरी नावांच्या आधी जाऊन बसेल.

यावरून संगणकावर विश्वास ठेवू नये, असे मला म्हणावयाचे नाही. तो सांगितले तेवढेच करतो; सांगणाऱ्याने आपण काय वगळीत आहोत हे जाणले पाहिजे. यासाठी एक सोपी परीक्षा आहे : कोणतीही यादी मिळाली की प्रत्येक अट एकेकदा काढून टाकावी आणि संख्या किती वाढते ते पाहावे. जी नावे नव्याने येतील, ती त्या अटीने गाळलेली होती. वाङ्मयेतिहासाच्या पुस्तकालाही ही परीक्षा लावून पाहण्यासारखी आहे. तेथेही कोणीतरी चाळलेले आणि लावलेले असतेच.

आणखी एक गोष्ट. हा साठा समूहाने उभा केलेला असल्यामुळे त्यातील रिकामी जागा कोणालाही भरता येते. मात्र आधार द्यावा लागतो. तो आधार आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, जुन्या चरित्रकोशांत आणि नियतकालिकांच्या बांधीव खंडांत पडून आहे. आमच्यापैकी प्रत्येकाने वर्षभरात एका विस्मृत लेखिकेची नोंद पुराव्यानिशी पुरी केली, तर पुढच्या विद्यार्थ्याच्या चाळणीतून ते नाव गळणार नाही. ज्यांच्या घरी कागद नव्हता त्यांची नावे कागदावर आणण्याचे काम, घरात पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेल्या आम्हा मुलामुलींनी करावयाचे नाही, तर कोणी करावयाचे?