चाकांवरचे घर आणि पत्र्याचा घाम

रायगडच्या किनाऱ्यावर पर्यटकांना गाडी भाड्याने देणे हा जुना धंदा आहे. अलिबाग, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर या पट्ट्यात टेंपो ट्रॅव्हलर, मिनीबस व जीप यांवर कित्येक कुटुंबांचे घर चालते. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि या धंद्याला एक नवी वाट मिळाली. जिच्यात झोपता येते, चहा-जेवण करता येते, न्हाणीघर आहे, अशी गाडी म्हणजे चाकांवरचे घरच. आखातातून परतलेला एखादा बांधव चार पैसे गाठीशी बांधून अशा गाडीचा विचार करीत असेल, तर एका गोष्टीची माहिती त्याने पैसे गुंतवण्यापूर्वीच करून घ्यावी असे आम्हांस वाटते. ती गोष्ट म्हणजे ओल.

किनाऱ्यावरची गाडी किनाऱ्यावरच राहात नाही. डिसेंबर-जानेवारीत गिऱ्हाईक माणगाव, महाड, पोलादपूर करीत आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठते. तेथे वेण्णा तलावाच्या परिसरात पारा शून्याजवळ उतरून दवाचे हिमकण होतात, हे आपण वर्तमानपत्रांत दर वर्षी वाचतो. हौशी मंडळी तीच गाडी घेऊन मनालीला, काश्मीरला, लेहला निघतात. येथे बांधलेली गाडी येथील उकाड्याचा विचार करून बांधलेली असते. थंडीत पहिल्याच रात्री तिच्या पत्र्याला आतून घाम सुटतो, सकाळी गाद्या खालून ओल्या लागतात, काचांवरून पाणी ओघळते. पंधरा दिवसांत कुबट वास बसतो आणि वर्षभरात प्लायवूड फुगते. लाखो रुपयांची गाडी अशी आतून कुजते.

हे पाणी येते कोठून? पुष्कळांचा समज असा की छत गळते किंवा बाहेरचे धुके आत शिरते. वस्तुतः हे पाणी आतल्या माणसांचेच असते. मे महिन्यात थंड पाण्याने भरलेला तांब्या बाहेरून ओला होतो, तो काही झिरपत नाही. भोवतालच्या हवेतील बाष्प थंड धातूला लागून त्याचे पाणी होते. गाडीचा पत्रा हा तसाच तांब्या, फक्त उलटा केलेला. थंडी बाहेर, दमट हवा आत.

थोडे आकडे पाहू, कारण आकड्यांवाचून ही गोष्ट पटत नाही. हवा जितकी उबदार तितके जास्त बाष्प ती पोटात ठेवू शकते. २० अंश सेल्सियसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम पाणी बाष्परूपाने राहते. १० अंशांना ते सुमारे साडेनऊ ग्रॅमवर येते आणि शून्य अंशाला जेमतेम पाच ग्रॅमवर. वर उरलेले पाणी हवेला सोडून द्यावे लागते, आणि ती ते सर्वांत थंड जागी सोडते, म्हणजे काचेवर आणि पत्र्यावर. ज्या तापमानाला हे घडू लागते त्याला दवबिंदू म्हणतात. हवा २० अंशांची व आर्द्रता ६० टक्के असेल तर दवबिंदू १२ अंश येतो. बाहेर शून्य अंश असताना एकेरी काच आतून १२ अंशांपेक्षा पुष्कळ थंड असते. घाम सुटणारच.

आता एका रात्रीचा हिशेब मांडू. मध्यम आकाराच्या अशा गाडीत सुमारे १३ घनमीटर हवा असते. २० अंशांना ती सगळी मिळून जास्तीत जास्त सव्वादोनशे ग्रॅम पाणी धरते, म्हणजे एक पेला भर. झोपलेला माणूस श्वासावाटे व त्वचेवाटे तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. चार माणसे म्हणजे १६० ग्रॅम. सुरुवातीला हवा अर्धी भरलेली धरली तरी दारे-खिडक्या गच्च लावलेल्या गाडीत तासाच्या आत पेला काठोकाठ भरतो. पुढच्या सात तासांत लिटरभर पाणी पत्र्यावर, काचेवर आणि गादीखाली जाऊन बसते. स्वयंपाक व ओले टॉवेल यांचा हिशेब वेगळाच.

एवढ्यावरून उपाय काय तो लक्षात यावा. थंडीत आपल्याकडचा माणूस पहिले काम करतो ते फटी बुजवण्याचे, आणि तेच नेमके चुकते. थंड प्रदेशातील बाहेरची हवा आपल्या अंगाला बोचते, परंतु ती मुळात कोरडी असते. शून्य अंशाची दवाने भिजलेली हवासुद्धा घनमीटरला पाचच ग्रॅम पाणी घेऊन येते. ती आत येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता तीस टक्क्यांच्याही खाली जाते आणि ती आतले बाष्प शोषून बाहेर नेण्यास मोकळी होते. चार माणसांचे बाष्प बाहेर नेण्यास तासाला सुमारे ३५ घनमीटर ताजी हवा पुरते. छताच्या झडपेत १२ व्होल्टचा लहान पंखा हवा बाहेर फेकणारा, आणि समोरच्या बाजूस खाली जाळीचे एक भोक हवा आत घेणारे, एवढ्यावर हे काम होते. मग उबेचे काय, असे कोणी विचारील. ही आलेली थंड हवा तापवण्यास सतत अडीचशे वॅटच्या आत उष्णता लागते. दोन किलोवॅटच्या हीटरपुढे हा खर्च किरकोळ आहे. उबेची खरी गळती उघड्या पत्र्यातून आणि काचेतून होते.

म्हणून आता पत्र्याकडे वळू. ओल नेहमी उबदार बाजूकडून थंड बाजूकडे जाते, हा नियम बॉडी बांधणाऱ्याला आधी सांगावा. महाबळेश्वरला उबदार बाजू आत असते. श्रीवर्धनला जुलै महिन्यात एसी लावला की उबदार बाजू बाहेर जाते. पावसाळ्यातली आपली हवा घनमीटरला २४-२५ ग्रॅम पाणी बाळगून असते. ती तळाच्या भोकांतून, रिबिटांच्या फटींतून, दाराच्या सैल रबरातून आत शिरते आणि एसीने गार झालेल्या प्लायवूडच्या पाठीमागे, जेथे कोणाची नजर जात नाही तेथे पाणी होऊन बसते. परदेशातील थंड मुलखांसाठी लिहिलेली माहितीपत्रके फक्त पहिली बाजू सांगतात. आपल्या गाडीला दोन्ही बाजूंचा मार आहे.

यासाठी पत्रा व प्लायवूड यांच्यामध्ये ग्लासवूल भरू नये. ते एकदा भिजले की लवकर वाळत नाही, आणि भिजलेले ग्लासवूल ऊब अडवीत नाही. बंद छिद्रांचा फोम, म्हणजे ज्यात पाणी शिरत नाही असा क्रॉसलिंक फोम किंवा नायट्राईल रबराची शीट, पत्र्याला हवेचा पदर न ठेवता पूर्ण चिकटवून घ्यावी. मासळीच्या गाड्यांचे पफचे काम ज्यांनी केले आहे अशा कारागिरांना हे समजावून सांगावे लागत नाही. पत्र्यामागच्या लोखंडी बरगड्याही मढवून घ्याव्यात. बहुतेक ठिकाणी त्या उघड्या सोडतात, मग प्लायवूडवर नेमक्या त्याच रेषांत बुरशीचे काळे पट्टे उमटतात. तारांची आणि नळ्यांची भोके सीलंटने बुजवावीत. हवा यायची ती आपण ठरवलेल्या वाटेने यावी, चोरवाटेने नव्हे.

काचेला आतून जाड पडदा लावण्याची रीत आहे. त्याने डोळ्यांना बरे वाटते, पण पडद्यामागची काच अधिकच थंड होते आणि अधिकच भिजते. जाड आवरण काचेच्या बाहेरून लावावे. गादी सरळ फळीवर टाकू नये. खाली लाकडी पट्ट्यांची चौकट ठेवून बोटभर हवा खेळू द्यावी आणि सकाळी गादी उभी करावी. भांड्यावर झाकण, स्वयंपाकाच्या वेळी खिडकी उघडी, ओले कपडे न्हाणीघरात आणि त्याचा पंखा चालू, या सवयी गिऱ्हाइकाला गाडी देतानाच सांगाव्यात. रासायनिक गोळ्यांवर फार विसंबू नये. एक किलो सिलिका जेल साधारण पाव लिटर पाणी शोषते. बंद उभ्या असलेल्या गाडीत ते कामाला येईल, चार माणसांच्या रात्रीपुढे त्याचे काही चालत नाही. पाण्याच्या टाक्या आणि नळ्या कडाक्याच्या थंडीत रिकाम्या ठेवाव्यात, हेही ओघाने आले.

ऊब निर्माण करण्याच्या साधनांबद्दल मात्र आम्ही सविस्तर लिहिणार आहोत, कारण येथे प्रश्न प्लायवूडचा नाही, जिवाचा आहे.

गाडीत गॅसची शेगडी पेटवून ऊब घेणे हा सर्वांत सोपा वाटणारा आणि सर्वांत वाईट उपाय आहे. एक किलो एलपीजी जळला की सुमारे दीड किलो पाणी वाफेच्या रूपाने हवेत येते. म्हणजे ऊब आली तरी घाम दुप्पट होतो. शिवाय ब्यूटेन शून्य अंशाच्या जरा खाली वायुरूप होणे सोडतो, त्यामुळे थंडीत सिलिंडरचा दाब पडतो. गॅस गळला तर तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळातून बाहेर जाणारे भोक हवे. परंतु या साऱ्यांहून मोठा धोका कार्बन मोनॉक्साईडचा. गॅस, कोळसा, डिझेल, पेट्रोल, काहीही अपुऱ्या हवेत जळले की हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

जानेवारी २०२० मध्ये नेपाळातील दमन येथे केरळचे आठ पर्यटक, त्यांत चार मुले, गॅस हीटर लावून एका बंद खोलीत झोपले आणि दगावले. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरी येथे बर्फात अडकलेल्या मोटारींत वीसहून अधिक माणसे मेली. काही थंडीने, तर काही इंजिन चालू ठेवल्याने आत शिरलेल्या धुराने. आणि डिसेंबर २०२४ मध्ये केरळात कोळिकोड जिल्ह्यातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोघांचे मृतदेह सापडले. तेथे तर थंडीही नव्हती. एसीसाठी चालवलेल्या जनरेटरचा धूर तळातून आत आला, असा निष्कर्ष तज्ज्ञांच्या पाहणीत निघाला. ते दोघे पर्यटक नव्हते, एक गाडीचा चालक होता आणि दुसरा त्याचा सहकारी. किनाऱ्यावरच्या मालकाने ही तिसरी घटना विशेष ध्यानात ठेवावी. गिऱ्हाईक लॉजवर उतरते आणि चालक गाडीत झोपतो, ही आपल्याकडची नेहमीची पद्धत आहे. उकाड्याने हैराण झालेला चालक रात्री इंजिन किंवा जनरेटर चालू करून एसी लावतो, हेही आपण पाहतो. मालकाने त्याच्या निजण्याची सोय भाड्यात धरावी किंवा गाडीत साधा पंखा आणि डासांची जाळी द्यावी. एसी लावून गाडीत झोपू नकोस, एवढे बजावून भागत नाही.

इंजिन बंद असताना ऊब हवी असेल तर डिझेलवर चालणारा पार्किंग हीटर घ्यावा. त्याच्या बंद कोठीत ज्वाळा जळते. जळणासाठीची हवा बाहेरून येते आणि धूर बाहेर जातो. आतल्या हवेचा ज्वाळेशी संबंध येत नाही, म्हणून ती ऊब कोरडी असते. दोन किलोवॅटच्या हीटरला तासाला साधारण पाव लिटर किंवा त्याहून कमी डिझेल लागते. मात्र धुराची नळी गाडीच्या कडेबाहेर काढलेली असावी, तिचे सांधे दर मोसमाला तपासावेत आणि बर्फात तिचे तोंड मोकळे आहे ना हे झोपण्यापूर्वी पाहावे. स्वस्त हीटर येतात, त्यांच्यासोबतच्या नळ्यांचे सांधे नीट बसत नाहीत. तेथे चार पैसे वाचवू नयेत. जनरेटर असेल तर तो पूर्ण बाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवावा. कार्बन मोनॉक्साईडचा भोंगा झोपण्याच्या उंचीवर लावावा आणि तो घेतल्यावाचून गाडी दारातून बाहेर पडू देऊ नये. गाडी भाड्याने घेणाऱ्यानेही तो मागून पाहावा.

उंचावर साधे डिझेलही थंडीत मेणासारखे गोठते. लडाखसाठी इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारे हिवाळी डिझेल २०१९ मध्ये आणले. तिकडे जाणाऱ्याने खालच्या प्रदेशातील डिझेलने भरलेली टाकी घेऊन वर चढू नये.

फेरबदलाचे काम करवून घेताना मोटार कॅराव्हॅनसाठी असलेले एआयएस-१२४ हे मानक बांधणाऱ्याला दाखवून, आरटीओची मान्यता मिळेल असेच काम करून घ्यावे. मान्यतेवाचून केलेल्या फेरबदलावर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

उरला आपला पावसाळा. खिडकी उघडून ओल घालवण्याचा थंडीतला उपाय येथे जुलैत चालत नाही, कारण बाहेरचीच हवा भिजलेली असते. श्रीवर्धनचा सुपारीवाला बुरशीच्या भीतीने माल पावसाळ्यापूर्वी खडखडीत वाळवून ठेवतो, तेच गाडीचे करावे. मे महिन्याच्या उन्हात गाद्या, पडदे, कप्पे दोन दिवस उघडे टाकावेत, तळाचा खारा थर गोड्या पाण्याने धुऊन गंजरोधक लावावे, मग झडपा बंद करून गाडी शेडखाली उभी करावी. आत डब्यांतून कॅल्शियम क्लोराईड ठेवून साचलेले पाणी आठवड्याला ओतावे, पण लोखंडाला त्याचा थेंब लागू देऊ नये. पावसाळ्यातही भाडे मिळत असेल तर एसी २५-२६ अंशांवर ठेवावा. त्याखाली नेला की भिंती पाठीमागून घामेजू लागतात. एसीच्या पाण्याची नळी तुंबलेली नाही ना, हे प्रत्येक फेरीपूर्वी बाटलीभर पाणी ओतून पाहावे.