चिमूटभर मिठाचं सामान्य ज्ञान

प्रश्नमंजूषेची तयारी करताना आपण पुराणं, धर्म, शरीर, अन्न आणि इतिहास यांच्या वेगवेगळ्या वह्या करतो. परीक्षेपुरतं ते ठीक आहे. पण हे विषय एकमेकांत किती गुंतलेले असतात, ते अशा वह्यांत दिसत नाही. म्हणून या लेखासाठी मी एकच वस्तू निवडली आहे : आपल्या स्वयंपाकघरातलं मीठ.

सुरुवात शरीरापासून करू, कारण बाकी सगळ्याचं मूळ तिथे आहे. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. मज्जातंतूंतून संदेश जाणं, स्नायू आकसणं, शरीरातल्या पाण्याचा तोल राहणं, या सगळ्याला सोडियम लागतं. शरीर ते स्वतः तयार करू शकत नाही, आणि घाम व लघवीवाटे ते रोज बाहेर जातं. म्हणून राजा असो की रंक, मीठ कुणालाच सुटत नाही. अतिरेकही चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका चहाच्या चमच्यापेक्षा, कमी मीठ खावं. जादा मिठाने रक्तदाब वाढतो. लोणचं, पापड, खारा बांगडा आणि वेफर्स यांतलं मीठही या हिशेबात धरायचं. चरकसंहितेतही मिठाच्या अतिसेवनाबद्दल इशारा आहे.

ज्यावाचून चालत नाही, त्याला धर्मानेही जवळ केलं. पुराणांत जंबुद्वीपाभोवती लवणसमुद्र आहे. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, पाण्यात मीठ विरघळवायला सांगतो. दिसत नाही, पण वरून, मधून, तळातून, कुठूनही चाखलं तरी आहेच, तसं सत्य. बायबलच्या लेवीय पुस्तकात (2:13) अन्नार्पणात मीठ हवंच, कारण ते देवाशी केलेल्या कराराचं चिन्ह आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात (5:13) येशू शिष्यांना मिठाची उपमा देतो आणि खारटपणा गेलेल्या मिठाचं काय करायचं, असं विचारतो. आपली मराठीही यात मागे नाही. ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ म्हणजे तरी काय? एकदा ताटात मीठ पडलं की इमान राखायचं, हा करारच झाला.

राज्यकर्त्यांनी मात्र यातलं वेगळंच मर्म ओळखलं. जे प्रत्येकाला घ्यावंच लागतं, त्यावर कर लावला तर तो कुणालाच चुकवता येत नाही. फ्रान्समध्ये ‘गाबेल’ नावाचा मीठकर होता. लोकांच्या रोषामुळे क्रांतीनंतर 1790 साली तो रद्द झाला. ब्रिटिशांनी हिंदुस्थानात हेच केलं. गोव्याचं स्वस्त मीठ सरहद्द ओलांडून आलं तर हा कर बुडणार होता. म्हणून 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज तहात गोव्यातल्या मीठ-उत्पादनावर इंग्रजांनी ताबा मिळवला. बदल्यात पोर्तुगिजांना दरवर्षी रक्कम मिळणार होती. 1892 साली हा तह संपला. म्हणजे आगर आपलं, राज्य पोर्तुगिजांचं आणि मिठावर हुकूम इंग्रजांचा!

पुढचं आपल्याला पाठ आहे : 12 मार्च 1930 रोजी गांधीजी 78 साथीदारांसह साबरमतीहून निघाले आणि 6 एप्रिलला दांडीला कायदा मोडला. पण त्याच वर्षी मे महिन्यात गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या शिरोड्यालाही मिठाचा सत्याग्रह झाला, हे किती जणांना ठाऊक असतं? मीठकर शेवटी 1947 साली उठला.

गोष्ट इथे संपत नाही. मीठ सगळ्यांच्या ताटात पोचतं, म्हणून त्यावर कर बसला. त्याच कारणाने पुढे त्यातून औषधही देता आलं. आयोडीन कमी पडलं की गलगंड होतो आणि गर्भातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. भारतात गलगंड नियंत्रण कार्यक्रम 1962 मध्ये सुरू झाला, आणि मिठात आयोडीन मिसळलं जाऊ लागलं. 2006 पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला देशभर बंदी आली. बाळांच्या दृष्टीने हे चांगलंच झालं. पण आगरवाड्यासारख्या गावांतलं आगरातलं जाडं मीठ त्यामुळे ताटातून उठून माडाच्या मुळाशी गेलं. मला वाटतं, आयोडीनही हवं आणि आगरही हवेत. गावातल्या गावात आगराच्या मिठात आयोडीन मिसळण्याची सोय करणं, हा विचार तुम्हा विज्ञान शाखेच्या मुलांनी जरूर करावा.

अभ्यासासाठी तीन प्रश्न :
1. मीठकराचा भार गरिबावर जास्त का पडतो?
2. लेवीयातलं मीठ आणि ‘मिठाला जागणे’ यांत साम्य कोणतं?
3. तुमच्या गावाजवळ आगर होतं का? आज त्या जागेवर काय आहे? घरातल्या थोरांना विचारून दहा ओळी लिहा.